घाट चढताना गाडी तापते, सपाटीला मात्र ठीक : दोष कसा शोधावा?

इगतपुरीकर

नमस्कार. माझ्याकडे वापरलेली म्हणून घेतलेली, १.५ लिटर डिझेल इंजिनाची सेडान आहे. कामानिमित्त इगतपुरी ते ठाणे असे नेहमीचे जाणे-येणे असते. ठाण्याकडे उतरताना काही तक्रार नसते. परतताना मात्र कसारा घाट निम्मा चढून झाला की तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकू लागतो आणि घाटमाथ्यावर आल्यावर काही मिनिटांत पुन्हा जागेवर येतो. भिवंडी बायपासच्या कोंडीत एसी लावून कितीही वेळ उभे राहिले तरी काटा हलत नाही, म्हणून मला हे प्रकरण कोड्यात टाकणारे वाटते. त्यातच कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतील पातळी हळूहळू उतरते, पण गाडी उभी असते त्या फरशीवर एकही थेंब दिसत नाही.

एका गॅरेजमध्ये लक्षणे ऐकूनच 'हेड गॅस्केट गेले', म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधला सील फुटला, असे सांगण्यात आले. हेड उतरवणे, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे), नवे गॅस्केट आणि नवे बोल्ट मिळून खर्च चाळीस हजारांच्या घरात जातो. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. कोणतीही तपासणी न करता एवढा खर्च करायला मन धजावत नाही. कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आगारातला_माणूस

हेड उतरवण्याची घाई अजिबात करू नका. एसटीच्या आगारात माझी सारी नोकरी इंजिनांजवळ गेली, आणि तापणाऱ्या गाडीबद्दल मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारत आलो आहे : ती केव्हा तापते? याचे नीट उत्तर मिळाले की निम्मे निदान तिथेच होते, आणि तुम्ही ते उत्तर आधीच लिहिले आहे.

इंधनातील ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपाने कूलंटमध्ये जातो आणि तो रेडिएटरने हवेत सोडायचा असतो. गाडी उभी असताना इंजिन फार थोडे इंधन जाळते, पण समोरून वारा नसल्याने सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणून कोंडीत तापणारी आणि वेग घेतला की थंड होणारी गाडी असेल तर पंखा, त्याची मोटर, रिले, फ्यूज किंवा तापमानाचा सेन्सर तपासावा. घाटात याच्या उलट घडते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावून भरपूर इंधन जाळते, म्हणजे उष्णता कित्येक पटींनी वाढते, आणि त्या मानाने वारा कमी असतो. कोंडीत तुमची गाडी शांत राहते याचा अर्थ पंखा काम करतो आहे. घाटात ती तापते याचा अर्थ कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद कमी पडते आहे. आतून चोंदलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पाती झिजलेला वॉटर पंप आणि सर्वांत शेवटी हेड गॅस्केट, अशा क्रमाने मी संशय घेईन.

गॅस्केटची शंका घरच्या घरी बरीचशी फिटू शकते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीचे झाकण उघडा, पातळी बघा, झाकण लावा आणि इंजिन सुरू करा. रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा. पहिल्या एक-दोन मिनिटांत, इंजिन कोमटही झालेले नसताना, पाइप फुगून टणक झाला तर तो दाब कूलंटच्या प्रसरणाचा असू शकत नाही; तो सिलिंडरमधील वायूचाच असणार. पाइप मऊ राहिला आणि उष्णतेबरोबर हळूहळू ताठ झाला, तर ती चांगली खूण आहे. मग दुसऱ्या दिवशी, पुन्हा थंड इंजिनावर, झाकण उघडे ठेवून बुडबुडे सतत येतात का ते पाहा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांची धास्ती घेऊ नका. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ थर आहे का, आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो का, हेही पाहा. ऑइल भरण्याच्या झाकणाखालचा थोडासा पिवळट फेस पावसाळ्यात, जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत साध्या दमटपणानेही येतो. तेवढ्यावरून गॅस्केटला दोषी धरू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. त्या वाफेने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

रसायनशाळा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी पुण्यात कूलंटच्या चाचण्यांशी संबंधित काम केले आहे, म्हणून झाकण आणि कूलंट यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या दोन्हींकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

बाटलीचे किंवा रेडिएटरचे झाकण म्हणजे केवळ बूच नसते. त्यात साधारण १ ते १.४ बारला उघडणारी दाबाची झडप असते आणि इंजिन थंड होताना हवा किंवा कूलंट परत आत घेणारी उलटी झडप असते. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तिथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेच पाणी १ बारच्या अतिरिक्त दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधील मुख्य रसायन) असेल तर ती मर्यादा आणखी वर जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मंदावली की हे सारे संरक्षण जाते. इंजिनात काहीही बिघडलेले नसताना घाटात कूलंट उकळते, वाफेच्या रूपाने निघून जाते आणि फरशीवर थेंब दिसत नाही तो यामुळेच. आणखी एक खूण पाहता येते. रात्रभर थंड झाल्यावर सकाळी वरचा होज पाइप आत चेपलेला दिसला तर उलटी झडप चिकटली आहे. नवे झाकण काही शेकड्यांत मिळते, मात्र त्यावरचा दाबाचा आकडा जुन्या झाकणाशी जुळलाच पाहिजे.

आता कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा समज अजून आहे. नुसते पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉलपेक्षा सरस असते हे खरेच आहे. पण कूलंटमधील गंजरोधक रसायने नसतील तर ॲल्युमिनियमचे हेड आणि पंपाचा पाता दोन्ही खाल्ले जातात. बोअरचे कठीण पाणी भरले तर कॅल्शियमचा पापुद्रा बसतो, आणि त्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या शतांशाच्या आसपास असते. उष्ण प्रदेशात किमान एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त निम्मे कूलंट, उरलेले डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी, हे प्रमाण योग्य ठरते. प्रमाण वाढवून फायदा नाही, कारण निम्म्याच्या पुढे ग्लायकॉल वाढेल तशी उष्णता वाहण्याची क्षमता घटते.

रंगावरून कूलंट ओळखू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. हिरवा, गुलाबी, नारिंगी, निळा हे रंग उत्पादक आपापल्या पसंतीने घालतात. महत्त्वाचे असते ते आतील तंत्र. सिलिकेटवर आधारलेली जुन्या पद्धतीची कूलंट साधारण २ वर्षे टिकतात, सेंद्रिय आम्लांची दीर्घायुषी कूलंट ५ वर्षे किंवा अधिक टिकतात, आणि दोहोंची सरमिसळ झाली की आयुष्य घटते, कधी कधी चिकट गाळही तयार होतो. गाडीच्या पुस्तिकेत जे मानक दिले असेल तेच बाटलीवर शोधावे.

चांद्याहून

आमच्याकडे चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे इथल्या गाड्यांची परीक्षा घाट नसतानाही होते. एक भर घालतो. रेडिएटर आतूनच चोंदतो असे नाही. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोहोंच्या फटीत कापसाची बोंदरे, चिखल आणि किडे यांची जाड गादी तयार होते. समोरच्या जाळीतून पाहिले तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि मागची गादी दिसतच नाही. वरची पट्टी काढून टॉर्चने त्या फटीत पाहा. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या नळीने सोडावे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पातळ फिन्स आडव्या होतात आणि मग वारा कायमचाच अडतो.

इगतपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या, त्या इथे नोंदवतो.

सकाळचा वरचा होज पाइप मऊ राहिला, बुडबुडे थांबून गेले, ऑइल स्वच्छ आहे आणि धुराला गोड वास नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट मोकळी आहे. ओबीडीचा ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारे उपकरण) लावून घाट चढलो. सपाटीला ८८ ते ९० अंश, घाटाच्या मध्यावर ९८ आणि वरच्या वळणांवर १०९ अंश दिसले. पंखा वेगात फिरत होता. एसी बंद केल्यावर १०४ पर्यंत उतरले. कोणताही एरर कोड साठलेला नाही.

त्यानंतर मित्राकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणून इंजिन गरम असताना पंख्याच्या बाजूने रेडिएटर मोजला. वरचा भाग ९० च्या पुढे, आणि खालचा साधारण एक तृतीयांश भाग ५० अंशांच्याही खाली. हा फरक सामान्य आहे का?

आगारातला_माणूस

एवढा फरक सामान्य नाही. बहुतेक आधुनिक गाड्यांत कूलंट रेडिएटरमधून आडवे वाहते, तेव्हा आत येणारी बाजू थोडी गरम आणि बाहेर जाणारी थोडी थंड, इतकाच हळूहळू उतरत जाणारा फरक अपेक्षित असतो. अचानक थंड पट्टा लागला म्हणजे त्या नळ्यांतून कूलंट फिरतच नाही. गाळ आणि क्षार जड असल्याने खालच्या नळ्या आधी बुजतात. फक्त एक खात्री करून घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवते. इंजिन थंड असताना वर आणि खाली काळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा आणि इंजिन तापवून त्यांच्यावर मोजा. तरीही फरक राहिला तर रेडिएटरच दोषी.

स्कॅनर लावलात हे फार चांगले केले. अनेक गाड्यांतला काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ पासून १०० च्या पुढेपर्यंत तो मधोमधच उभा राहतो आणि तुम्हाला हलताना दिसतो तेव्हा तापमान बरेच चढलेले असते. कित्येक लहान गाड्यांत तर आता काटाच नाही, निळा आणि लाल दिवा एवढेच असतात. त्यांच्या मालकांनी असा स्कॅनर जवळ बाळगावाच.

लोणावळा_रोज

घाटातच गाडी तापली तर त्या क्षणी काय करावे, यावर कोणी लिहिले नाही. काही जण लगेच इंजिन बंद करा म्हणतात, काही चालू ठेवा म्हणतात.

आगारातला_माणूस

दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. काटा चढू लागला आहे, पण वाफ नाही आणि लाल दिवा लागलेला नाही, अशा वेळी एसी बंद करा, हीटर सर्वांत गरम करून त्याचा पंखा पूर्ण वेगाने लावा, वळण टाळून रुंद जागी थांबा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये १५०० ते २००० आरपीएमवर फिरू द्या. हीटरचा गाभा हा एक छोटा रेडिएटरच असतो, आणि पंप फिरत राहिल्याने हेडमधील उष्णता बाहेर येते. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा कूलंट सांडले असेल, तर मात्र तत्काळ इंजिन बंद करा.

सर्वांत फसवी अवस्था वेगळीच आहे. काटा लालजवळ जातो आणि मग एकाएकी खाली पडतो. चालकाला वाटते की गाडी थंड झाली. प्रत्यक्षात कूलंट संपलेले असते, सेन्सर कोरडा पडलेला असतो आणि इंजिन जळत असते. त्याच वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागली तर शंकाच उरत नाही. तेव्हा पुढे शंभर मीटरही गाडी रेटू नये. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, त्याने हेडला तडा जातो.

सीएनजी_नगर

थोडे समांतर, पण याच विषयातले. सीएनजी किट असलेल्यांनी गॅसच्या रिड्युसरवर, म्हणजे वायूचा दाब कमी करणाऱ्या भागावर, नजर ठेवावी. उच्च दाबाचा वायू पसरताना थंड होतो, म्हणून रिड्युसरमधून गरम कूलंट फिरवलेले असते. इंजिन गरम असूनही रिड्युसर गार लागत असेल किंवा त्यावर दव-बर्फ धरत असेल, तर तिथपर्यंत कूलंट पोहोचत नाही. पातळी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. काट्याच्या कितीतरी आधी हा इशारा मिळतो.

वर्कशॉप_मिरज

इगतपुरीकर, रेडिएटरवरचा संशय योग्य वाटतो, पण कूलंट कुठे जाते हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवल्याशिवाय नवा रेडिएटर बसवू नये. कूलंट पेट्रोलसारखे खर्च होत नाही. पातळी उतरते म्हणजे ते कुठूनतरी बाहेर जाते किंवा आत जाते.

कूलिंग सिस्टिमचा प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब देतात आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहतात. दाब उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र, थर्मोस्टॅटचे प्लास्टिक हाउसिंग, होजचे टी-जॉइंट, रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांची जोडणी आणि डॅशबोर्डखालचा हीटर, सगळे तपासावे. हीटर गळत असेल तर पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो आणि काचेवर तेलकट धुके धरते.

बाहेर काहीच सापडले नाही आणि दाब मात्र उतरत राहिला, तर डिझेल गाडीत गॅस्केटच्या आधी ईजीआर कूलर तपासायला सांगा. एक्झॉस्टचा गरम वायू थंड करणाऱ्या त्या डब्यातही कूलंट फिरते. तो आतून फुटला की कूलंट सिलिंडरमध्ये खेचले जाते आणि पांढरा धूर येतो. त्यातून उलट एक्झॉस्ट वायू कूलंटमध्ये घुसला, तर कूलंटमधील वायू ओळखणारी, रंग बदलणाऱ्या द्रावणाची चाचणीही गॅस्केट फुटल्यासारखाच निकाल देते. निळे द्रावण कार्बन डायऑक्साइडने पिवळे पडते, एवढेच ती चाचणी सांगते. वायू कुठून आला हे सांगत नाही. या एका गोंधळापायी किती धडधाकट हेड उतरवली जातात!

थर्मोस्टॅट काढण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. तो काढल्याने इंजिन कामाच्या तापमानाला वेळेत पोहोचत नाही, मायलेज घटते, ऑइलमध्ये गाळ वाढतो आणि बीएस-६ गाड्यांत पी०१२८ (इंजिन पुरेसे गरम होत नाही असा) एरर कोड येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग बंद करत असतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, कूलंटचा मोठा भाग रेडिएटर टाळून इंजिनातच फिरतो आणि ज्या तक्रारीसाठी काढला तीच वाढते. शंका असेल तर काढून पाण्यात टाकून गरम करा. ८२ किंवा ८८, जो आकडा त्यावर कोरलेला असेल त्याच्या आसपास उघडू लागला पाहिजे आणि पुढे साधारण १२ ते १५ अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवा.

इगतपुरीकर

प्रेशर टेस्ट झाला, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी मिळाले.

१.१ बार दाब दिल्यावर काटा फार हळू उतरत होता. बराच वेळ काहीच दिसले नाही. मग मिस्त्रींनी रेडिएटरच्या डाव्या प्लास्टिक टाकीच्या कडेला, जिथे ॲल्युमिनियमचे दात दुमडून टाकी पकडलेली असते तिथे, आरसा धरला. टाचणीच्या टोकाएवढा ओलावा दातांच्या फटीतून येत होता आणि त्याच्या खाली पांढुरक्या-गुलाबी कुडकुडीत क्षाराची रेघ वाळलेली होती. गाडी चालताना तो भाग गरम असल्याने ओघळ खाली पोहोचण्याआधीच सुकून जाई. चिकटपट्टी लावून पुन्हा मोजले तेव्हा फरक थोडा कमी दिसला, पण थंड पट्टा तसाच होता. आधीच्या मालकांना फोन केला. त्यांच्या शेतावर बोअरचेच पाणी भरले जात असे.

रेडिएटर उतरवल्यावर आउटलेटमधून आत पाहिले. खालच्या नळ्यांची तोंडे तपकिरी खरपुडीने बुजलेली आहेत. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणे) करून चालेल का, की एखादे लीक थांबवणारे औषध टाकावे? एका चालकाने हळद टाकायला सांगितले.

वर्कशॉप_मिरज

रॉडिंग तांबे-पितळेच्या जुन्या रेडिएटरसाठी होते. त्यांच्या टाक्या डाग वितळवून उघडता येत आणि नळ्याही रुंद असत. ॲल्युमिनियमच्या या बारीक नळ्यांना आणि प्लास्टिक टाक्यांना ते सोसत नाही, नवाच बसवा. हळद किंवा औषध रानात अडकल्यावर गाव गाठण्यापुरते ठीक. पण जे भोक बुजवते ते नळ्याही बुजवते, आणि तुमच्या नळ्या आधीच निम्म्या गेल्या आहेत.

रसायनशाळा

नवा रेडिएटर बसवण्यापूर्वी इंजिन ब्लॉक आणि हीटर उलट दिशेने डिमिनरलाइज्ड पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर ब्लॉकमधला गाळ नव्या नळ्यांत जाईल. भरताना एक हिशेब सांभाळा. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये दीड-दोन लिटर पाणी उरतेच. त्यावर तयार मिश्रण भरले तर प्रमाण पातळ होते. समजा एकूण क्षमता ६ लिटर आहे, तर आधी ३ लिटर संहत (पाणी न मिसळलेले) कूलंट ओता आणि उरलेली जागा पाण्याने भरा, म्हणजे निम्मे-निम्मे जुळेल. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) एक थेंब तपासा. निम्म्या इथिलीन ग्लायकॉलचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास दिसतो.

आगारातला_माणूस

हवा काढायला विसरू नका. गाडीचे तोंड चढाकडे करा, हीटर पूर्ण गरम ठेवा, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडण्याचा स्क्रू) असेल तर अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा. मग झाकण लावून इंजिन पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा. पुढचे काही दिवस रोज सकाळी पाहत राहा.

इगतपुरीकर

नवा रेडिएटर, नवे झाकण आणि थर्मोस्टॅट बसवले. जुना थर्मोस्टॅट गरम पाण्यात व्यवस्थित उघडत होता, तरी एवढे काम काढले आहे म्हणून बदलला. सर्व मिळून खर्च हेडच्या अंदाजाच्या एक तृतीयांशाच्याही आत राहिला. काल भर दुपारी, एसी चालू ठेवून, चार माणसांसह कसारा घाट चढलो. स्कॅनरवर कमाल ९६ अंश दिसले आणि आज सकाळी बाटलीतली पातळी रेघेवरच आहे.

एकच विचारायचे राहिले. काढलेले जुने कूलंट कॅनमध्ये भरून ठेवले आहे, ते गटारात ओतले तर चालेल का?

रसायनशाळा

कृपया ओतू नका, आणि कॅन उघडाही ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात; गुरांनाही धोका आहे. जमिनीवर सांडले असेल तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. कॅनवर ठळक अक्षरांत लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि वापरलेले ऑइल व कूलंट गोळा करणाऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. आधी फोन करून ते घेतात का एवढे विचारून घ्या.